जाड पायांचं अक्षर: मराठी पाटीवर आणि छपाईत स्लॅब सेरिफ कसा वापरावा

रोमन, म्हणजे इंग्रजीच्या लिपीतल्या, अक्षराच्या दांड्याच्या टोकाला आडवी पट्टी असेल आणि ती पट्टी जवळजवळ दांड्याइतकीच जाड असेल, तर तो स्लॅब सेरिफ. पुस्तकी वळणाच्या टाइम्ससारख्या फॉन्टमध्ये हीच पट्टी टोकाकडे निमुळती होत जाते. हेल्व्हेटिकासारख्या फॉन्टमध्ये ती नसतेच. स्लॅबमध्ये मात्र अक्षर बूट घालून उभं असल्यासारखं दिसतं.

त्याचं बळ दिसण्यापेक्षा बांधणीत आहे: त्याच्यात बारीक असा भाग जवळपास नसतो. वाईट कागद, पसरणारी शाई, घाईत कापलेलं व्हिनाइल, झेरॉक्सची झेरॉक्स यांत पहिला बळी जातो तो केसासारख्या बारीक रेषेचा. स्लॅबमध्ये ती रेषाच नसल्यामुळे अक्षर टिकतं. पुण्यात जिथे सकाळी दिलेलं डिझाइन संध्याकाळी फ्लेक्सवर छापून टांगलं जातं, तिथे हा गुण फार मोलाचा आहे.

अडचण सुरू होते ती देवनागरीशेजारी बसवताना. देवनागरीची ठळक आडवी रेघ डोक्यावर, म्हणजे शिरोरेखा. स्लॅबचा आडवा जोर पायाशी, आणि कॅपिटल अक्षरांत वर-खाली दोन्हीकडे. दोन्ही लिप्या एकाच ओळीत, एकाच जाडीत ठेवल्या की डोळ्याला अक्षरांऐवजी आडव्या पट्ट्या दिसू लागतात. पुढची मोजमापं बरीचशी याच भांडणाच्या तडजोडीसाठी आहेत.

तीन घराणी, तीन स्वभाव

हा प्रकार लंडनमध्ये १८१५ च्या सुमारास आला. व्हिन्सेंट फिगिन्स या छपाईचे खिळे ओतणाऱ्या कारखानदाराने तो ‘अँटीक’ नावाने विकायला काढला. हेतू पुस्तकं छापण्याचा नव्हताच. जाहिरातींची भित्तिपत्रकं आणि लॉटरीचे कागद लांबून ओरडले पाहिजेत, एवढीच मागणी होती. नेपोलियनच्या स्वारीनंतर युरोपात इजिप्तचं वेड पसरलेलं असल्यामुळे या जातीला ‘इजिप्शियन’ हेही नाव चिकटलं. पिरॅमिडशी त्याचा काहीही संबंध नाही.

निवड करताना घराणं ओळखता यायला हवं.

पहिलं भूमितीय. पट्टी आणि दांडा जिथे मिळतात तिथे सरळ काटकोन, ओ जवळजवळ वर्तुळ. मेम्फिस (१९२९) आणि रॉकवेल (१९३४) ही त्याची नामांकित उदाहरणं. रॉकवेल ऑफिसच्या सॉफ्टवेअरसोबत अनेक संगणकांवर आधीच बसलेला असतो, म्हणून तो सगळीकडे दिसतो. मोठ्या आकारात, थोड्या शब्दांत उत्तम. सलग मजकुरात गोल ओ आणि चौकोनी पाय मिळून डोळा अडखळतो.

दुसरं क्लॅरेंडन. इथे पट्टी आणि दांड्याच्या कोपऱ्यात गोलाई असते, आणि जाड-बारीकात थोडा फरक असतो. मूळ क्लॅरेंडन १८४५ मध्ये लंडनच्या फॅन स्ट्रीट फाउंड्रीत रॉबर्ट बेस्ली यांनी बाजारात आणला. कोशात मुख्य शब्द बाकीच्या मजकुरातून उठून दिसावा, हे त्याचं जुनं काम. आजही सूचीपत्रक, दरपत्रक, पाठ्यपुस्तकातली उपशीर्षकं यांना हेच घराणं द्यावं. देवनागरीशी त्याचं जमतंही बरं, कारण आपल्या अक्षरांतही काना आणि वळण जोडताना गोलाई येते.

तिसरं टाइपरायटरचं. टाइपरायटरमध्ये प्रत्येक अक्षराला सारखीच जागा. स्मॉल आय आणि स्मॉल एल अंगानेच सडपातळ. त्यांनी ती जागा भरावी म्हणून त्यांना लांब पाय दिले. कुरियर १२ पॉइंटला लावला की एका इंचात बरोबर १० अक्षरं बसतात. यातला ‘कुरियर न्यू’ छापताना टाळावा. टाइपरायटरची फीत कागदावर शाई थोडी पसरवत असे. तो पसारा हिशेबात न धरता हा फॉन्ट बनल्यामुळे छापून तो अगदी किडमिडीत उमटतो.

तिन्ही घराण्यांत एक फायदा सामाईक आहे: कॅपिटल आय, स्मॉल एल आणि आकडा एक वेगवेगळे ओळखू येतात. पावती क्रमांक, औषधांचे बॅच क्रमांक, वाहनांचे सुटे भाग, पासवर्डची चिठ्ठी अशा ठिकाणी केवळ या एका कारणासाठी स्लॅब घ्यावा. दरपत्रकासाठी घेत असाल तर आकडे सारख्या रुंदीचे आहेत ना ते तपासा: १११ आणि ८८८ हे इंग्रजी आकड्यांत (111, 888) एकाखाली एक टाइप करा. दोन्हींची उजवी कड एका रेषेत यायला हवी.

आधी पट्टी घेऊन मोजा

संगणकावरचा पॉइंट हा आकडा दोन लिप्यांची तुलना करायला निरुपयोगी आहे. पॉइंट म्हणजे अक्षराभोवतीच्या अदृश्य चौकटीची उंची. त्या चौकटीत अक्षर किती जागा घेतं हे प्रत्येक फॉन्टमध्ये वेगळं. देवनागरीला वर मात्रा आणि रफार, खाली उकार यांसाठी जागा सोडावी लागते, म्हणून मूळ अक्षर लहान पडतं.

दोन्ही फॉन्ट १०० पॉइंटला लावून साध्या कागदावर छापा. रोमन कॅपिटल एच ची उंची मोजा. देवनागरीत ‘व’ किंवा ‘प’ घ्या आणि शिरोरेखेच्या वरच्या कडेपासून कान्याच्या तळापर्यंत मोजा. समजा एच २५ मिमी आला आणि ‘व’ २१ मिमी. २५ भागिले २१ म्हणजे सुमारे १.१९. म्हणजे रोमन १०० पॉइंट असेल तेव्हा देवनागरी ११९ पॉइंट लावली तरच दोन्ही सारख्या उंचीची होतील. हा गुणक त्या फॉन्टजोडीपुरताच खरा. फॉन्ट बदलला की पुन्हा मोजा.

त्याच कागदावर जाडीही पाहा. चार आकडे लिहून घ्या: रोमन दांडा, रोमन पट्टी, देवनागरी काना, देवनागरी शिरोरेखा. दांडा आणि काना यांत दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. शिरोरेखा मात्र रोमन पट्टीपेक्षा किंचित बारीक असलेली चांगली, कारण शिरोरेखा शब्दभर सलग धावते आणि पट्टी तुटक असते. सारखी जाडी ठेवली तर मराठी ओळ काळी पडते.

मराठी जोडीदार शोधताना

देवनागरीत ‘स्लॅब’ असं वेगळं काही नसतं. पायाशी पट्ट्या चिकटवून रोमनची नक्कल करणारे फॉन्ट अधूनमधून दिसतात. ते विनोदी दिसतात आणि ‘त’ चा ‘न’ वाचला जातो. हवी ती समान जाडीची, ठाम, चौकोनी वळणाची देवनागरी.

मुक्त परवान्याचे दोन फॉन्ट इथे थेट कामाला येतात. ‘कडवा’ हा ‘बिटर’ नावाच्या रोमन स्लॅबचा देवनागरी भाऊ आहे. नावातली कोटी लक्षात आलीच असेल. त्यात साधी आणि ठळक अशा दोन जाड्या आहेत. ‘कर्मा’ मध्ये देवनागरी आणि स्लॅब वळणाचं रोमन एकत्रच मिळतं, आणि हलक्यापासून ठळकापर्यंत पाच जाड्या आहेत. दोन लिप्या एकाच फाइलमध्ये, एकाच हाताने बेतलेल्या असल्या की वरची मोजणी बरीचशी आयती होते. रोमन बाजूला ‘रोबोटो स्लॅब’ किंवा ‘झिला स्लॅब’ घ्यायचा असेल तर सोबतीला ‘मुक्ता’ चालतो, पण एक जाडी वर चढवून.

फॉन्ट पक्का करण्यापूर्वी हे शब्द टाइप करून पाहा: व्यापाऱ्यांसाठी, ऱ्हस्व, लक्ष्मी, शृंगार, मूर्ती, ॲल्युमिनियम, पुष्ट्यर्थ. ‘ऱ्या’ मधला अर्धा र तुटून हलन्त उघडा पडत असेल तर तो फॉन्ट मराठीसाठी बाद. (टाइप करताना बिंदूचा ऱ, हलन्त, मग य असा क्रम हवा, साधा र घेतला तर ‘र्या’ होतो आणि दोष फॉन्टवर येतो.) ल आणि श यांची मराठी वळणं हिंदीपेक्षा वेगळी आहेत. चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही असतात, पण सॉफ्टवेअरमध्ये भाषा ‘मराठी’ निवडल्याशिवाय आपली वळणं पुढे येत नाहीत. इलस्ट्रेटर आणि इनडिझाइनमध्ये वेलांटी चुकीच्या जागी पडत असेल तर परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ सुरू करा.

पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकाच्या आसपासच्या डीटीपीवाल्यांकडे काम देणार असाल तर एक गोष्ट आधी विचारा: मजकूर युनिकोडमध्ये (कुठल्याही संगणकावर सारख्या वाचल्या जाणाऱ्या पद्धतीत) हवा की श्रीलिपी या टायपिंग सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टमध्ये? श्रीलिपी इथलीच, पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची, आणि अनेक कारागिरांचा हात अजून तिच्यावरच बसलेला आहे. जुन्या सांकेतिक पद्धतीतला मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्ये उघडला की अगम्य चिन्हं दिसतात. रूपांतर केलं तर ‘ऱ्य’, ‘क्ष’, ‘ॲ’ आणि अनुस्वार पुन्हा वाचून घ्यावेतच.

दुकानाची पाटी

कायद्यापासून सुरुवात करू. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनुसार पाटीवर मराठी नाव देवनागरीत आणि आधी हवं, आणि मराठी अक्षरांचा आकार इतर भाषेच्या अक्षरांपेक्षा लहान नको. ‘दोन्हीला सारखाच पॉइंट दिला’ असं म्हणून भागत नाही, कारण वर पाहिल्याप्रमाणे त्यात मराठी लहान दिसते. शिरोरेखा ते कान्याचा तळ ही उंची रोमन कॅपिटलच्या उंचीइतकी किंवा जास्त ठेवा; डोळ्यालाही वाद उरत नाही.

उंची ठरते अंतरावरून. सहज वाचण्यासाठी दर ३ मीटरला २५ मिमी हा पाटीवाल्यांचा जुना हिशेब. समोरच्या फुटपाथवरून, म्हणजे १२ मीटरवरून, पायी चालणाऱ्याने वाचावं असं वाटत असेल तर १०० मिमी. कर्वे रस्त्यावर दुचाकीवरून येणाऱ्याला ४० मीटरवर नाव कळायला हवं असेल तर साधारण ३३० मिमी, आणि तेवढ्यात एकच शब्द मावतो. ‘आमची कोठेही शाखा नाही’ हे मग खाली लहान अक्षरांत जाईल. ज्याला वाचायचं तो थांबून वाचतोच.

आता मांडणी. देवनागरी ओळीला मूळ अक्षराच्या सुमारे १.८ पट जागा द्या, नाहीतर ‘मूर्ती’ सारख्या शब्दात वरचा रफार आणि खालचा ऊकार कडेला घासतात. दोन फूट उंचीच्या, म्हणजे ६१० मिमीच्या पाटीचं उदाहरण: मराठी अक्षर २०० मिमी, त्याची ओळ ३६० मिमी. वर-खाली ४० मिमी समास, दोन ओळींत ४० मिमी फट. उरले १३० मिमी, ते रोमन कॅपिटलना. गणित बरोबर बसतं. रोमन ओळ स्लॅबमध्ये आणि स्वतंत्र ठेवा. मराठी ओळीच्या शेवटी ‘अँड सन्स’ रोमनमध्ये चिकटवण्याचा मोह टाळा. डोक्यावरची रेघ संपते तिथेच पायाखालची रेघ सुरू होते आणि ओळ तुटून खाली घसरल्यासारखी दिसते.

अक्षरं कापून लावायची असतील तर स्लॅबला खरा भाव येतो. पण कापण्याच्या यंत्राची मर्यादा समजून घ्या. सीएनसी राउटर या संगणकावर चालणाऱ्या कापण्याच्या यंत्राचं पातं गोल असतं. ३ मिमी पात्याने आतला कोपरा १.५ मिमी त्रिज्येने गोलावतो. १३० मिमीच्या अक्षरात ते कळत नाही. ३० मिमीच्या अक्षरात रॉकवेलचे काटकोन वितळल्यासारखे होतात आणि भूमितीय घराण्याचा अर्धवट क्लॅरेंडन होतो. म्हणून ५० मिमीखालची अक्षरं लेसरवर कापून घ्या, किंवा मुळातच गोल कोपऱ्यांचा क्लॅरेंडन निवडा.

मराठी शब्द शिरोरेखेमुळे एकाच तुकड्यात कापता येतो, ही मोठी सोय. रोमन अक्षरं सुटी असतात, ती बसवायला मूळ आकाराचा कागदी नमुना लागतो. पण सोयीसोबत एक खोड आहे. ॲक्रिलिक उन्हात वाढतं. ८ फूट, म्हणजे २४४० मिमी लांबीचा शब्द ३० अंशांच्या फरकात सुमारे ५ मिमी लांब होतो, आणि पुण्यात पश्चिमेकडे तोंड असलेल्या पाटीवर हिवाळ्यातली पहाट ते एप्रिलमधली दुपार हा फरक त्याहून मोठा असतो. दोन्ही टोकांना घट्ट स्क्रू मारले की शिरोरेखा कमान होते किंवा स्क्रूपाशी तडकते. मधोमध एक स्क्रू घट्ट, बाकीची भोकं ही वाढ मावेल इतकी स्क्रूपेक्षा मोठी आणि खाली वॉशर. फार लांब नाव असेल तर दोन अक्षरांमधल्या सांध्यावर, कान्याच्या लगेच उजवीकडे, २ मिमी फट ठेवून तुकडा करा. तिथली फट दिसत नाही. अनुस्वार आणि ॲ वरच्या चंद्राला स्वतंत्र खिळी लागते. केवळ डिंकावर लावलेला अनुस्वार पहिल्या पावसाळ्यात गळतो, आणि ‘कांदे’ चे ‘कादे’ झालेले बरेच दिवस कुणाच्या लक्षात येत नाही.

आतून दिवे असलेल्या अक्षरांना जाडी लागते. १५ मिमी रुंद एलईडी मॉड्यूल धरलं आणि दोन्ही बाजूंना ५ मिमी सोडले तर दांडा किमान २५ मिमी हवा. ठळक स्लॅबमध्ये दांडा कॅपिटलच्या उंचीच्या साधारण एक-पंचमांश असतो. वरच्या १३० मिमीच्या अक्षरात तो २६ मिमी येतो. स्लॅबची पट्टीही जवळपास तेवढीच जाड असल्यामुळे पायापर्यंत उजेड सारखा पोहोचतो. टाइम्ससारख्या वळणात पाय अंधारे राहतात.

मागून उजेड येणाऱ्या फ्लेक्सवर मात्र उलटी काळजी. गडद पार्श्वभूमीवरचं पांढरं अक्षर रात्री फुगतं. स्मॉल ए आणि ई यांची पोटं भरतात, मराठीत ‘ष’, ‘भ’, ‘ध’ यांच्या गाठी बुजतात. ठळक जाडीऐवजी एक पायरी हलकी घ्या.

छपाईत

रंगीत पार्श्वभूमीवर पांढरी लहान अक्षरं सोडायची असतील तर स्लॅब आधी आठवावा. चार रंगांच्या ऑफसेटमध्ये एखादी प्लेट ०.१ मिमी सरकणं रोजचं आहे. ७ पॉइंटच्या स्लॅबमध्ये दांडा साधारण ०.२५ मिमी, म्हणजे सरकूनही अक्षर उरतं. बारीक रेषांच्या फॉन्टमध्ये तेवढ्यानेच रेषा गिळली जाते. रबरी शिक्के, कापडी पिशव्यांवरचं स्क्रीन प्रिंटिंग, क्राफ्ट कागदाची खोकी इथेही हाच न्याय.

पुस्तकाच्या सलग मजकुरासाठी जपून. ठळक स्लॅबचं पान काळंकुट्ट होतं. लावायचाच तर साधी किंवा हलकी जाडी, रोमन ९.५ ते १० पॉइंट, ओळींमधलं अंतर अक्षराच्या १.४ पट. देवनागरी १२ पॉइंटला १८ किंवा १९ द्या. मराठी मजकुरात अधूनमधून येणारे रोमन शब्द दोन पॉइंटने कमी ठेवा, नाहीतर कॅपिटल अक्षरं शिरोरेखेच्या वर डोकं काढतात. लग्नपत्रिकेला स्लॅब नको. नाव ठळक दिसेल, पण पत्रिका मालवाहतुकीची पावती वाटेल.

हमखास होणाऱ्या तीन चुका

जागा कमी पडली की अक्षर आडवं दाबणं ही सगळ्यात मोठी. दांडा २० एकक, पट्टी १८ एकक असलेलं अक्षर ८० टक्के रुंदीला दाबलं की दांडा १६ होतो, पट्टी १८ च राहते. पायापेक्षा बूट जाड! काउबॉय सिनेमांच्या पोस्टरवरचं वळण असंच असतं, पण तिथे ते मुद्दाम केलेलं असतं. जागा नसेल तर अरुंद बांध्याचा फॉन्ट शोधा किंवा आकार कमी करा.

दुसरी, कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये आउटलाइन चढवून अक्षर जाड करणं. रेषा आत-बाहेर दोन्हीकडे वाढते आणि पोटं बुजतात. फॉन्टमध्ये ठळक जाडी असेल तर तीच वापरा.

तिसरी, अक्षरांतलं अंतर. रोमन कॅपिटल स्लॅबला दोन ते पाच टक्के मोकळीक दिली तर पट्ट्या एकमेकींना चिकटत नाहीत आणि नाव रुबाबदार दिसतं. नेमकी तीच सेटिंग संपूर्ण मजकूर निवडून लावली जाते, आणि मराठीतली शिरोरेखा प्रत्येक अक्षरापाशी तुटते. देवनागरीला हे अंतर कायम शून्य.

फाइल देताना मजकूर कर्व्ह करूनच, म्हणजे अक्षरांचं चित्ररेषांत रूपांतर करूनच द्या, म्हणजे समोरच्याच्या संगणकावर फॉन्ट नसला तरी वेलांट्या उडणार नाहीत. कर्व्ह न केलेली प्रत स्वतःजवळ वेगळ्या नावाने ठेवा. फोन नंबर बदलला की तीच लागते. मोठ्या फ्लेक्सला मूळ आकारात ७२ ते १०० डीपीआय (एका इंचातले ठिपके) पुरतं. छापण्याआधी नावाचं एकच अक्षर मूळ आकारात साध्या कागदावर काढून दुकानाच्या दारावर चिकटवा आणि रस्ता ओलांडून पाहा, एकदा दुपारी आणि एकदा दिवे लागल्यावर.